मोठी फेरी

“थांब अविनाश, फक्की टाकू नकोस अजून. त्याला आधी चालू दे.”

अविनाश सरनाईक पांढऱ्या फक्कीचं घमेलं कमरेला टेकवून उभा राहिला. निनाद, आमचा मुलगा, माळावरून चालायला लागला होता. दोन्ही हात पाठीमागे, मान जराशी डावीकडे कललेली. प्रत्येक पाऊल टाकण्याआधी तो जमीन चाचपून बघायचा. त्याच्यामागून थोडं अंतर राखून त्याचे वडील चालत होते. निनाद वळला की तिथे ते खुंटी ठोकत. जुन्या आंब्याला वळसा घालून, पावसाचं पाणी अडवायला खणलेल्या चराच्या कडेकडेने, निनाद निघाला होता तिथेच परत आला आणि म्हणाला, “झाली फेरी.”

“झाली,” हे म्हणाले. “हं, आता टाक रे फक्की.”

हे म्हणजे माझे यजमान, जनार्दन पोतनीस. शेतकी कॉलेजात त्यांनी जन्मभर उद्यानविद्या शिकवली. अविनाश त्यांचा शाळेपासूनचा मित्र, पेशाने वास्तुविशारद. जोतिबाच्या डोंगराकडे जाणाऱ्या रस्त्याच्या आतल्या अंगाला हा माळ त्याने शोधला, ओळखीपाळखीची कुटुंबं जमवली आणि वसाहतीला नाव दिलं ‘ओलावा’. घरं मातीच्या विटांची, छपरावरचं पाणी टाकीत, मोऱ्यांचं सांडपाणी केळी-कर्दळीला. “घरं लहान, अंगण सगळ्यांचं,” असं अविनाश ज्याला त्याला सांगायचा. कडेने घरं, मधली सगळी जागा सामाईक, आणि कुंपण म्हणून कुठेही नाही. त्या मधल्या जागेची आखणी यांच्याकडे होती.

निनाद तेव्हा पंचविशीचा होता. यांच्याहून वीतभर उंच. समज चार वर्षांच्या मुलाएवढी, असं डॉक्टर म्हणायचे. मला ते कधी पटलं नाही. चार वर्षांच्या मुलाला इतका धीर नसतो.

त्याला एकच गोष्ट सोसत नसे, ती म्हणजे वाट संपणं. राजारामपुरीतल्या आमच्या घरामागे एक बोळ होता, पुढे भिंत घालून बंद केलेला. तिथवर गेला की तो भिंतीसमोर उभा राही, आणि आपण हाताला धरून परत फिरवेपर्यंत हुंदके देत राही. म्हणून ‘ओलावा’च्या बागेत यांनी एकही वाट मध्येच संपू दिली नव्हती. कुठूनही निघा, कुठेही वळा, शेवटी निघालो त्याच जागी पोचायचं. निनादला पाला तोंडात घालायची सवय, म्हणून कण्हेर नाही, रुई नाही, धोतरा दिसला की उपटायचा. वाटेच्या कडेला गवती चहा, पुदिना, ओवा. सुमनताई चौगुल्यांची मंजिरी जन्मापासून चाकाच्या खुर्चीत. तिच्यासाठी वाट रुंद, चढ-उतार अगदी हलका, मुरूम धुम्मसाने ठोकून बसवलेला.

“जनू, ही बाग निनादसाठी आहे की आपल्या सगळ्यांसाठी?” अविनाशने एकदा हसत विचारलं होतं.

“निनादला जी वाट जमते, ती सगळ्यांना जमते,” हे म्हणाले होते.

घरं अर्धीमुर्धी उठली होती, राहायला अजून कुणी आलं नव्हतं. पण दर रविवारी सगळी कुटुंबं डबे बांधून माळावर यायची. त्या रविवारी बकुळीची रोपं लावायची होती. आमच्यात सगळ्यात तरुण जोडपं म्हणजे रेवती आणि समीर. त्यांची ओवी शाळेतही जात नव्हती, इतकी लहान. निनादची तिला कधी भीती वाटली नाही. ती त्याला पुदिन्याची पानं खुडून आणून द्यायची आणि “हं, खा आता,” म्हणून दटावायची.

मी रोपांच्या पिशव्या फाडत होते. माझ्यापासून चार हातांवर ओवी निनादला म्हणाली, “निनाददादा, मला उचल.”

त्याने उचललं. खांद्यावर घेतलं आणि आपल्या फेरीला निघाला. ओवी खिदळत होती. त्याच्या खांद्यावर बसून ती हात हलवत होती, मीही तिला हात केला. आंब्याच्या पलीकडे गेल्यावर तिला उतरायचं झालं. “आता खाली, दादा. खाली!” पण अर्ध्या वाटेत थांबणं निनादला ठाऊकच नव्हतं. “फेरी,” तो म्हणाला आणि चालत राहिला. ओवी रडायला लागली, पाय झाडायला लागली.

रेवतीने खड्ड्यातून मान वर केली. तिला काय दिसलं, ते मला आजही समजतं. एक आडदांड पुरुष तिच्या रडणाऱ्या लेकीला खांद्यावर टाकून माळाच्या पार टोकाला निघाला होता. ती किंचाळली. हातातली खुरपी, घमेली टाकून सगळे धावले.

“ओरडू नका!” मी ओरडत होते. “त्याच्यावर ओरडू नका हो, फेरी झाली की तो थांबतो, आपोआप थांबतो!”

कुणाला ऐकू जाणार? माणसं अंगावर धावून आली की निनाद घाबरतो, आणि घाबरला की हातात असेल ते घट्ट धरतो. समीरने मागून येऊन त्याचा हात पिरगळला. तिघंही मुरमावर पडले. ओवीचं कोपर सोलवटलं. निनादच्या नाकातून रक्त यायला लागलं. तो कान दोन्ही हातांनी दाबून, गुडघ्यांत डोकं घालून बसला. हे धापा टाकत पोचले. त्यांनी त्याला उठवलं नाही. त्याच्याशेजारी मातीत बसले आणि त्याच्या पाठीवरून हात फिरवत म्हणत राहिले, “राहिलेली फेरी आपण करू हं. करू आपण.”

ओवीचं कोपर धुतलं, तिच्या हातावर लिमलेटची गोळी ठेवली. गोळी चघळत ती परत आली आणि निनादच्या समोर उकिडवी बसून विचारायला लागली, “दादाला बाऊ झाला?” रेवतीने मागून येऊन तिला उचललं आणि तशीच गाडीकडे गेली.

त्या आठवड्यात अविनाश आमच्याकडे आला. मी चहाचं आधण ठेवायला उठले, तर म्हणाला, “वहिनी, चहा नको.” आमच्या घरी येऊन त्याने चहाला नाही म्हटल्याचं मला आठवत नव्हतं. मी परत बसले.

“कुणाच्या मनात वाईट काही नाही,” तो म्हणाला. “हे आधी सांगतो.”

“मग काय आहे?” मी विचारलं.

“भीती आहे. निनादसाठीसुद्धा आहे. उद्या कुणाचा पाहुणा आला, त्याला काही माहीत नसलं आणि त्याने निनादवर हात टाकला तर? समीरने टाकलाच की. आणि समीर तर आपला.” तो खुर्चीत पुढे सरकला. “एक कोपरा वेगळा करू या. निनाद आणि मंजिरी, दोघांसाठी. जाळीचं कुंपण, आत बाक, झोपाळा, सगळं. जनू, सगळ्यात सुंदर कोपरा तो करू. तूच कर.”

“आणि बाकीची बाग?” मी विचारलं.

“बाकीची आहेच की, वहिनी. तुम्ही दोघं बरोबर असलात की तो कुठेही फिरेल. कोण अडवणार?”

“आम्ही बरोबर असलो की,” हे म्हणाले. त्यांनी नुसते त्याचे शब्द परत उच्चारले. अविनाश चपला घालायला उठला.

पुढच्या रविवारी आंब्याखाली सतरंज्या घालून बैठक झाली. कुणी आवाज चढवला नाही. तसा चढवला असता तर मला सोपं गेलं असतं. निनाद माझ्याजवळ बसून सतरंजीचे दोरे ओढत होता. त्याच्या नाकावरचा काळा डाग अजून पुरता गेला नव्हता, आणि सगळेजण त्याच्याकडे न बघायची काळजी घेत होते.

पहिल्यांदा रेवती बोलली.

“काकू, मला निनाद आवडतो. खरंच आवडतो. त्याच्या मनात काही नव्हतं, हे मला कळतं. ओवी घरी रोज त्याचंच विचारते. पण काकू, मी आत स्वयंपाक करतेय आणि ती बाहेर अंगणात खेळतेय, एवढं एकच मला या जागेत हवं होतं. शहरात ते मिळत नाही म्हणून आम्ही इथे आलो. आता मी सारखी दारात उभी राहून बघत बसणार.”

“मी पंचवीस वर्षं बघतच बसलेय, रेवती,” मी म्हणाले. “ते कुठेतरी थांबावं, म्हणून आम्हीही आलो.”

तिचे डोळे भरले. “कळतं मला,” ती म्हणाली. “पण मला नाही जमणार हो, काकू.”

मी सुमनताईंकडे बघितलं. माझ्या बाजूने बोलणारं माणूस असेल, तर त्याच, असं मी धरून चालले होते. मंजिरीच्या तोंडाची लाळ पदराने टिपत त्या म्हणाल्या, “मला विचाराल तर कुंपण हवं.”

“सुमनताई!”

“कुमुद, तुझा निनाद चालतो, ढकलतो, हात झाडतो. माझ्या पोरीला ओरडताही येत नाही. उघड्या माळावर उद्या कुणीही येईल, काहीही करून जाईल, मला ती सांगू शकणार नाही. तुला ही मोकळी जागा म्हणजे सुख वाटतं. मला रोज धडकी भरते. मला जाळी हवी आहे, बाई. दार हवं आहे.”

मी यांच्याकडे बघितलं. सगळेच यांच्याकडे बघत होते.

हे सतरंजीवर पुढे सरकले. मग म्हणाले, “नकाशा दे रे, अविनाश. पेन्सिल दे.”

नकाशा सतरंजीवर पसरून चार कोपऱ्यांवर चार दगड ठेवले. कॉलेजात मुलांना शिकवताना बोलत, तसं हे बोलायला लागले. “आंब्याच्या अलीकडे तोडू. म्हणजे सकाळचं ऊन मिळेल, दुपारी सावली राहील. वाट इथून आत वळवू. फेरी लहान होईल, पण होईल. चर बाहेर राहतो, ते बरंच. पाण्याची भीती नाही.” पेन्सिल कुठे अडखळली नाही. माळावर खुंट्या ठोकून आखलेली ती मोठी फेरी त्यांनी एका रेघेत कापली. “आणि जाळी उघडी दिसायला नको. डोळ्यांना बरी दिसत नाही. कृष्णकमळ चढवू. वर्षाच्या आत जाळी आहे हेसुद्धा कुणाला कळणार नाही. बाहेरून फुलंच दिसतील.”

सगळ्यांनी श्वास सोडलेला मला ऐकू आला. कुणीतरी “वा, सर!” म्हणालं. कुणी झोपाळा कुठे बांधायचा ते सुचवायला लागलं. डब्यांची झाकणं उघडली. रेवती रडत होती, आणि तिच्या पाठीवर सुमनताईंचा हात होता.

तेवढ्यात समीर पुढे येऊन नकाशाजवळ टेकला. ज्या हाताने त्याने निनादला धरलं होतं, तो हात त्याने मांडीखाली दडपून ठेवला होता. अगदी हळू आवाजात, मान खाली घालून त्याने विचारलं, “सर, दाराची कडी... आतून की बाहेरून?”

यांची पेन्सिल तिथेच थांबली.

“आतून ठेवली तर निनाद उघडेल,” हे म्हणाले. “त्याला येतं.”

निनाद लहानपणी एकदा न्हाणीघरात अडकला होता. कडी आपल्याच हातून लागली, हे त्याला कळलं नव्हतं. शेजारच्यांनी दार फोडून काढलं तेव्हा तो रडून रडून निळा पडला होता. त्यानंतर कॉलेजातून आले की हे रोज त्याला घेऊन न्हाणीघराच्या दाराशी बसायचे. “वर उचल. आता बाजूला. हं, वर उचल.” पावसाळा गेला, हिवाळा गेला. मी कंटाळून म्हणायची, अहो, कडीच काढून टाकू. हे म्हणायचे, “सगळ्या जगातल्या कड्या कोण काढणार?” आणि एके दिवशी आतून खट्ट वाजलं, दार उघडलं आणि निनाद स्वतःच्या पायांनी बाहेर आला. यांनी गल्लीभर पेढे वाटले. लोक विचारत होते, पास झाला का? हे म्हणत होते, हो, पास झाला.

“मीच शिकवलंय त्याला,” हे समीरला म्हणाले. मग त्यांनी नकाशावर दाराच्या जागी बाहेरच्या बाजूला एक बारीकशी खूण केली. “बाहेरून लावा. आणि जरा उंचावर. जाळीतून हात जातो त्याचा.”

परतताना गाडीत निनाद मागच्या सीटवर आपल्याशीच गुणगुणत होता. रंकाळा आला. मग मला राहवेना.

“अहो, एका शब्दाने तुम्ही नाही म्हणाला नाहीत.”

“म्हणून काय झालं असतं?”

“निदान म्हटलं तरी असतं!”

“हात वर झाले असते आणि आपण हरलो असतो. मग तिथे राहायचं कुठल्या तोंडाने?” ते समोर रस्त्याकडे बघत होते. “आता निदान ओशाळले आहेत सगळे. चांगली माणसं आहेत ती, कुमुद. चांगली माणसं ओशाळली की विसरत नाहीत. आपण नसलो की कुणाला तरी आठवेल.”

“काय आठवेल?”

“की मी नाही म्हटलं नव्हतं.”

‘आपण नसलो की’ हे शब्द त्यांनी पहिल्यांदाच उच्चारले. आमच्या घरात ते कधी कुणी बोललं नव्हतं. आम्ही राजारामपुरीचं राहतं घर सोडून माळावर निघालो, ते झाडांच्या हौसेने, असं सगळ्यांना वाटायचं. झाडं कुठेही लावता आली असती. हे माणसं लावायला निघाले होते. सामाईक अंगणात निनाद रोज सगळ्यांच्या डोळ्यांसमोरून फिरला, पोरं त्याच्या खांद्यावर बसून मोठी झाली, की आमच्यामागे तो कुणाचा तरी होऊन राहील. यांची सगळी आखणी तेवढ्यासाठी होती.

त्यानंतर आम्ही राहायला आलो. यांनी सांगितलं होतं तसंच झालं. वर्ष सरायच्या आत कृष्णकमळाने जाळी पार झाकून टाकली. बाहेरून फुलं दिसायची, आतलं माणूस दिसायचं नाही. ‘ओलावा’चं नाव झालं. लांबलांबून लोक बघायला येऊ लागले. अविनाश त्यांना पाण्याची टाकी दाखवायचा, केळी-कर्दळीचा वाफा दाखवायचा, आणि फुलांच्या त्या भिंतीपाशी आवाज खाली आणून सांगायचा, “ही आमची विशेष बाग.” पाहुणे फोटो काढायचे. मंजिरी एका पावसाळ्यात न्यूमोनियाने गेली. सुमनताई मुलीच्या त्या दुःखातून उठल्याच नाहीत, भावाकडे इचलकरंजीला निघून गेल्या. मग आत निनाद एकटाच राहिला. हे सकाळ-संध्याकाळ त्याच्याजवळ जाऊन बसत.

पोरं मोठी झाली. दिवाळीला ताट घेऊन सगळ्यांच्या घरून फराळ यायचा, त्यात निनादसाठी वेगळा डबा असायचा. ओवी शाळेतून येताना सुरुवातीला दाराशी थांबायची, पुढे थांबेनाशी झाली. त्यात तिची काय चूक? दाराआड कोण आहे, हे पोराबाळांच्या लक्षातून हळूहळू गेलं.

हे गेले ते त्या बागेतच, बाकावर बसल्या बसल्या. दार नेहमीसारखं मी बाहेरून लावून आले होते. मी जेवायला हाक मारायला गेले, तर निनाद दाराशी उभा होता. त्याच्या बोटांची सालटी निघाली होती, जाळीला रक्त लागलं होतं. केव्हापासून तो कडीपर्यंत हात पोचवायला बघत होता, कोण जाणे. बाहेरच्या वाटेवरून लोक येत-जात होते. फुलांमुळे कुणाला काही दिसलं नाही.

यालाही आता बरीच वर्षं झाली. माझे गुडघे गेले, एका डोळ्याचं दिसणं गेलं. निनादच्या केसांत पांढरं आलं. मध्यंतरी एका संध्याकाळी अविनाश भेटायला आला. तोही काठी टेकत चालतो हल्ली. आम्ही दोघं ओसरीवर बसलो होतो, समोर कृष्णकमळ नुसतं लगडलं होतं. यांनी जे कुणाला कधी विचारलं नाही, ते मी त्या दिवशी विचारलं.

“अविनाश, मी गेले की निनादचं काय?”

तो काठीच्या मुठीवर दोन्ही हात ठेवून बागेकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, हे मी शपथेवर सांगेन. त्याला आमचं सगळं आठवत होतं.

“वहिनी, बागेची तुम्ही मुळीच काळजी करू नका,” तो म्हणाला. “बाग आम्ही सांभाळू.”